सर्व्हरवर ॲप बसवण्याच्या पायऱ्या कुठून आल्या

नेक्स्टक्लाउड (फाइल्स साठवायला), वर्डप्रेस (ब्लॉग आणि संकेतस्थळांसाठी) किंवा ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा हिशेब ठेवायला), यांपैकी काहीही स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर बसवायला घेतलं की साधारण त्याच पायऱ्या समोर येतात. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने, सर्व्हरवर लॉगिन करा, वेगळा युजर तयार करा, पॅकेजेस अपडेट करा, डेटाबेस बनवून त्याचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवा, फोल्डरची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाकडे, म्हणजे वेब सर्व्हरच्या युजरकडे, द्या, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आणणारं सर्टबॉट चालवा. बहुतेक जण या ओळी कॉपी करतात, टर्मिनलमध्ये पेस्ट करतात आणि पुढे जातात. पण यातली एकही ओळ उगाच आलेली नाही. प्रत्येकीमागे कुठली तरी खरी अडचण आहे, आणि ती माहीत असली तर इन्स्टॉलेशन मध्येच अडल्यावर नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

सुरुवात १९९५ पासून करावी लागते. आजही वापरात असलेल्या चार गोष्टी त्या एकाच वर्षात लोकांपुढे आल्या. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी लिहिलेला वेब सर्व्हर, ते संस्था सोडून गेल्यावर पोरका झाला होता. तो वापरणारे वेबमास्टर आपापल्या दुरुस्त्या ईमेलने एकमेकांना पाठवत. त्यांच्यातल्या काहींनी त्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि एप्रिलमध्ये अपाचे हा वेब सर्व्हर बाहेर पडला. जूनमध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी ही वेब पानांसाठीची भाषा खुली केली. आपल्या रेझ्युमेच्या पानावर कोण येऊन जातं हे बघण्यासाठी लिहिलेल्या छोट्या साधनांतून ती वाढली होती. स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क आणि ॲलन लार्सन यांचा मायएसक्यूएल हा डेटाबेस त्याच वर्षीचा.

चौथी गोष्ट एसएसएच. तेव्हा दूरच्या मशीनवर जायला टेलनेट आणि फाइल्स चढवायला एफटीपी वापरत. दोन्हींत पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड टिपून घेतले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळी देवाणघेवाण कूटबद्ध करणारं साधन लिहिलं आणि जुलै १९९५ मध्ये फुकट वाटलं. एफटीपीचा पोर्ट (मशीनवरचा दाराचा क्रमांक) २१, टेलनेटचा २३. दोघांची जागा घेऊ पाहणाऱ्या एसएसएचसाठी त्यांनी मधला २२ मागून घेतला. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी ओपनएसएसएच काढलं, आणि आज जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तेच असतं. पासवर्ड बंद करून फक्त ‘की’ (किल्लीसारखी वापरायची फाइल) वापरा, हा सल्ला हेलसिंकीतल्या त्या चोरीचाच पुढचा धडा आहे.

लिनक्स, अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीला ‘लॅम्प’ हे नाव मिळालं १९९८ मध्ये, मिखाएल कुन्त्से यांनी एका जर्मन संगणक मासिकात लिहिलेल्या लेखातून. चौकडी फुकट होती, पण बसवणं सोपं नव्हतं. सोर्स कोड उतरवा, कॉन्फिगर आणि मेक या आज्ञा चालवून त्याचा प्रोग्राम बनवा, एखादी लायब्ररी (लागणारा तयार कोड) नाही म्हणून थांबा, ती शोधा, पुन्हा पहिल्यापासून. मार्च १९९९ मध्ये डेबियन या लिनक्सच्या २.१ आवृत्तीसोबत एपीटी हे पॅकेजेस बसवणारं साधन आलं आणि एका आज्ञेत पॅकेज व त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी आपोआप येऊ लागल्या. माझ्या मते स्वतःचा सर्व्हर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात एपीटीचा वाटा सगळ्यात मोठा आहे, आणि त्याचं श्रेय त्याला फार कमी मिळतं. मात्र लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रिब्युशनने (प्रकाराने) आपली मांडणी ठरवली. अपाचे डेबियन आणि उबंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरखाली चालतो, रेड हॅटच्या कुळात अपाचे नावाच्याच युजरखाली. कॉन्फिगरेशनचे फोल्डरही वेगळे. उबंटूसाठी लिहिलेल्या पायऱ्या रेड हॅटच्या कुळातल्या रॉकी लिनक्सवर जशाच्या तशा चालत नाहीत, त्याचं कारण हे.

वेगळा युजर कशाला, हा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. उत्तर शेअर्ड होस्टिंगच्या काळात आहे. तेव्हा एका मशीनवर शेकडो ग्राहकांच्या साइट असायच्या आणि पीएचपी अपाचेच्या पोटातच चालायचं, म्हणजे सगळ्यांचा कोड एकाच युजरच्या नावाने धावायचा. ग्राहकाच्या फाइल्स त्याच्या एफटीपी खात्याच्या नावावर आणि कोड मात्र अपाचेच्या नावावर, त्यामुळे ॲपला फोटो साठवायला फोल्डरमध्ये लिहिताच येत नसे. मग सीएचमॉड ७७७, म्हणजे फोल्डर सगळ्यांना लिहायला खुलं करा, हा सल्ला सगळीकडे पसरला. त्याने अडचण सुटायची, पण मशीनवरच्या बाकी सगळ्या ग्राहकांनाही आपल्या फोल्डरमध्ये लिहिता यायचं. एक साइट फुटली की तिच्यातून शेजारच्या साइटमध्ये शिरायचं दार उघडं. पीएचपीला अपाचेबाहेर वेगळं चालवणारं पीएचपी-एफपीएम जुलै २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ सोबत अधिकृतपणे आलं आणि प्रत्येक ॲपला स्वतःच्या युजरखाली चालवणं सरळ झालं. ७७७ चा सल्ला आजही जुन्या पानांवर सापडतो. तो कधीच पाळू नये.

याच काळात वर्डप्रेस वाढलं. मिशेल वाल्द्रिगी यांचं बी२ हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर थंडावल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याच्या कोडवरून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती दिली. पुढच्या वर्षी मूव्हेबल टाइप या दुसऱ्या ब्लॉग सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी बदलल्यावर त्याचे पुष्कळ वापरकर्ते इकडे वळले. पाच मिनिटांत इन्स्टॉल हा त्यांचा दावा गाजला. झिप उघडा, फाइल्स चढवा, डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड द्या, पुढचं ब्राउझरमध्ये. आज कुठल्याही सेल्फ-होस्टेड (स्वतःच्या सर्व्हरवरच्या) ॲपमध्ये दिसणारं पहिल्या लॉगिनचं पान याच वळणाचं आहे.

आता डेटाबेसकडे. मराठी लिहिणाऱ्यांना या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चटका बसला तो इथे. स्वीडिश कंपनीचं असल्यामुळे मायएसक्यूएल मुळात पश्चिम युरोपीय अक्षरांपुरता लॅटिन१ कॅरॅक्टर सेट आणि स्वीडिश वर्णक्रम धरून चालायचं. २००४ मध्ये स्थिर झालेल्या ४.१ आवृत्तीपर्यंत त्याला युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्याची, नीट ओळखच नव्हती. ॲप यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) देवनागरी पाठवायचं, डेटाबेस ते लॅटिन१ समजून ठेवायचा आणि मागितल्यावर तसंच परत द्यायचा. दोन्ही बाजूंचा समज एकाच प्रकारे चुकलेला, म्हणून पानावर मराठी व्यवस्थित दिसायचं. सर्व्हर बदलताना किंवा आवृत्ती वाढवताना मात्र डेटाबेस खरोखरच लॅटिन१ चं यूटीएफ-८ करायला जायचा, आणि वर्षानुवर्षांचं लेखन वाचता न येणाऱ्या युरोपीय चिन्हांत बदलायचं.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो. त्यामुळे त्या गिचमिडीत दर तीन चिन्हांनी डोक्यावर तिरकी रेघ असलेला तोच लॅटिन ‘ए’ (à) दिसतो. असं दिसलं तर घाबरू नये, मजकूर शाबूत आहे. डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) लॅटिन१ म्हणून काढायचा आणि यूटीएफ-८ म्हणून आत घालायचा, की सगळं परत येतं. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र मजकूर गेलेला असतो. लॅटिन१ च्या रकान्यात मावत नाही म्हणून डेटाबेसने मूळ बाइट टाकून देऊन तिथे प्रश्नचिन्ह ठेवलेलं असतं, आणि त्यावर जुना बॅकअप हाच एक इलाज.

४.१ मध्ये जे यूटीएफ८ आलं, तेही अर्धवट होतं. ते एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरी त्यात मावते, म्हणून आपण बचावलो. पण इमोजीला ४ लागतात. मायएसक्यूएल कडक मोडमध्ये (चुकीचा डेटा नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) नसेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जायचा. मोडी लिपीलाही ४ लागतात. ती २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली, पण मूळ तक्त्याबाहेरच्या विभागात. म्हणजे मोडी कागदपत्रांचं लिप्यंतर साठवणारं ॲप जुन्या यूटीएफ८ वर चालूच शकत नाही. पूर्ण युनिकोड पेलणारा यूटीएफ८एमबी४ मायएसक्यूएलमध्ये २०१० मध्ये आला, वर्डप्रेसने तो एप्रिल २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत स्वीकारला, आणि खुद्द मायएसक्यूएलने मूळ सेटिंग बदललं ते २०१८ च्या ८.० मध्ये. काही ॲप्सच्या टेबलांमध्ये १९१ हा विचित्र आकडा दिसतो, तोही यातलाच. इंडेक्सची (शोध वेगवान करणाऱ्या सूचीची) मर्यादा ७६७ बाइट होती, आणि ४ बाइटच्या हिशेबाने त्यात १९१ चिन्हंच बसतात.

मधल्या काळात सन कंपनीने २००८ मध्ये मायएसक्यूएल घेतलं आणि सनला ऑरेकलने घेतलं. विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच कोडवरून मारियाडीबी वेगळं काढलं. थोरल्या मुलीच्या, मायच्या, नावावरून मायएसक्यूएल होतं. धाकट्या मारियाच्या नावावरून हे. २०१७ च्या डेबियन ९ पासून तिथे मारियाडीबीच येतं. तिथला डेटाबेसचा रूट (मुख्य युजर) लिनक्सच्या रूटशी जोडलेला असतो, म्हणून सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून आत शिरावं लागतं. जुन्या मार्गदर्शकांतली रूट पासवर्डची पायरी इथे अडते.

अपडेटची पायरी कुणी टाळू नये म्हणून एक तारीख सांगतो. ड्रुपल ही संकेतस्थळं चालवणारी, आपल्या ओळखीची प्रणाली. मायबोली, मिसळपाव अशी मराठी संकेतस्थळं तिच्यावर उभी राहिली. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधलं एक गंभीर भगदाड बुजवणारी ७.३२ आवृत्ती आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा गटाने जाहीर केलं की, घोषणेनंतर ७ तासांच्या आत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. भारतात तेव्हा रात्र होती. वर्डप्रेसने आदल्याच वर्षी, ३.७ मध्ये, लहान अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली होती. शिक्षण म्हणून चालवलेल्या सर्व्हरवरसुद्धा ती सोय बंद करू नये.

एचटीटीपीएस दीर्घकाळ पैसेवाल्यांचं होतं. सर्टिफिकेट दरवर्षी विकत घ्यायचं, हाताने बसवायचं, आणि त्यासाठी बहुधा वेगळा आयपी पत्ताही लागायचा. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप हे फायरफॉक्सचं ॲड-ऑन प्रसिद्ध केलं. कॅफेतल्या उघड्या वायफायवर शेजारच्याच्या चालू लॉगिनमध्ये एका क्लिकवर शिरता येतं, हे त्याने सगळ्यांना दाखवून दिलं. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एचटीटीपीएस आणलं, पण स्वतःचा सर्व्हर चालवणारा मागेच राहिला. मोझिला, ईएफएफ (डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था), मिशिगन विद्यापीठ, सिस्को आणि अकमाय यांनी मिळून नोव्हेंबर २०१४ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची घोषणा केली आणि डिसेंबर २०१५ पासून सर्टिफिकेट कुणालाही फुकट मिळू लागलं. मुदत मुद्दाम ९० दिवस ठेवली, म्हणजे नूतनीकरण आपोआप करण्यावाचून पर्याय उरू नये. आपलं डोमेन खरंच आपल्याकडे आहे हे तपासायला त्यांचा सर्व्हर बहुधा पोर्ट ८० वर येऊन एक फाइल मागतो. ‘सगळं एचटीटीपीएस आहे’ म्हणून ८० बंद केला की तीन महिन्यांनी साइट लाल इशारा दाखवते, ती यामुळे.

सर्व्हर भाड्याने घेणंही तोवर स्वस्त झालं होतं. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा उघडली, डिजिटलओशनने महिना ५ डॉलरमध्ये मशीन दिलं, आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनचा मुंबई विभाग व डिजिटलओशनचा बंगळूरु विभाग सुरू झाला. स्वतःचा सर्व्हर ठेवायला कारणंही मिळत गेली. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर ही ब्लॉग वाचायची लोकप्रिय सेवा बंद पडली. त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकी सरकारची इंटरनेटवरची पाळत उघड करणारी एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रं बाहेर आली होती. फ्रँक कार्लिचेक यांनी जानेवारी २०१० मध्ये घोषित केलेल्या ओनक्लाउडकडे, म्हणजे आपल्या फाइल्स आपल्याच सर्व्हरवर ठेवणाऱ्या ॲपकडे, लोक गंभीरपणे बघू लागले. २०१६ मध्ये कार्लिचेक ओनक्लाउडच्या कंपनीतून बाहेर पडले आणि जूनमध्ये त्याच कोडवरून नेक्स्टक्लाउड सुरू झालं. आपली कागदपत्रं आपल्या ताब्यात ठेवण्याची ही धडपड मला फार मोलाची वाटते.

ॲप बंद पेटाऱ्यात चालवणारं डॉकर मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या पायथनच्या परिषदेत पहिल्यांदा दाखवलं. त्याचा पाया लिनक्स कर्नलमध्ये आधीच होता. प्रोग्रामांना मशीनचा ठरावीक वाटा देणारे सीग्रुप्स २००८ पासून आत आहेत. ॲप आणि त्याला लागणारी प्रत्येक लायब्ररी एका पेटाऱ्यात बांधून मिळाल्यावर, एकाच सर्व्हरवर दोन ॲप्सना वेगवेगळं पीएचपी हवं असण्याचं भांडण मिटलं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टचं उदाहरण घ्या. पायथन, नोड, रेडिस आणि मारियाडीबी इतकं सगळं त्याला लागतं. ते जुळवायला त्यांनी बेंच हे साधन केलं, आणि डॉकरची वाटही दिली. बेंचच्या वाटेने गेलात तर मारियाडीबीला यूटीएफ८एमबी४ सांगायची ओळ तिथेही भेटते.

डॉकरने पायऱ्या कमी केल्या, पण काही कामं पेटाऱ्याबाहेरच राहिली. डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे पेटाऱ्याबाहेरच्या साठ्यात, असतो, त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या इमेजचा (तयार पेटाऱ्याचा) मुख्य क्रमांक १५ वरून १६ केला तर नवा पोस्टग्रेस जुना डेटा उघडत नाही. आधी डंप काढून मग तो आत घालावा लागतो. फायरवॉलचा मामला तर बऱ्याच जणांना उशिरा कळतो. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम लिहितं आणि त्यामुळे प्रकाशित केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूने (उबंटूवरच्या सोप्या फायरवॉल साधनाने) बंद दाखवला तरी बाहेरून उघडा राहतो. डॉकरच्या कंपोज (मांडणीच्या) फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहा, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा, आणि दुसऱ्या कुठल्या तरी नेटवर्कवरून उघडे पोर्ट शोधणारं एनमॅप चालवून एकदा बघा.