‘डीटूर’ आणि अ‍ॅन सॅव्हेज: एका स्वस्तातल्या सिनेमाची पार्श्वभूमी

फिल्म न्वार, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले हॉलिवूडचे काळोखे गुन्हेपट, आवडणाऱ्या माणसांमध्ये ‘डीटूर’चा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी त्यातल्या व्हेरावर येतेच, म्हणजे अ‍ॅन सॅव्हेजने केलेल्या भूमिकेवर. १९४५ चा जेमतेम ६८ मिनिटांचा सिनेमा, त्यात ही बाई जवळजवळ अर्धा सिनेमा उलटल्यावर येते, आणि तरी लोक ऐंशी वर्षांनंतरही तिच्याबद्दलच बोलतात. हे कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण आला तेव्हा या सिनेमाला कोणी फारसं विचारलंही नव्हतं.

तो काढला पीआरसी नावाच्या कंपनीने. हॉलिवूडमध्ये तेव्हा एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती, मोठ्या स्टुडिओचा एक आणि त्याच्या जोडीला लावायला एक स्वस्तातला, आणि असे जोडीचे सिनेमे काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणायचे, त्यातही पीआरसी अगदी तळाला. दिग्दर्शक एडगर उल्मर मात्र तळातला माणूस नव्हता. बर्लिनमध्ये बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक या पुढे हॉलिवूडमध्ये नाव काढलेल्या दिग्दर्शकांबरोबर त्याने काम केलं होतं, १९३४ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओसाठी कार्लॉफ आणि लुगोसी या भयपटांतल्या दोन स्टारना एकत्र घेऊन ‘द ब्लॅक कॅट’ केला तो चाललाही, पण त्याच वेळी तो स्टुडिओच्या मालकाच्या भाच्याच्या बायकोच्या प्रेमात पडला, पुढे तिच्याशी लग्न केलं, आणि मोठ्या स्टुडिओंची दारं त्याला बंद झाली. म्हणून हा माणूस पीआरसीत.

उल्मर स्वतः सांगायचा की सिनेमा सहा दिवसांत उरकला, आणि चाहत्यांनी ती दंतकथा फार प्रेमाने जपली. कागदपत्रं वेगळं सांगतात, शूटिंग दोन आठवड्यांच्या आसपास चाललं आणि खर्च लाखाच्या वर डॉलर गेला. मला यात सिनेमाचा मान कमी झाल्यासारखं अजिबात वाटत नाही, तंगी तर पडद्यावर उघड दिसतेच. न्यूयॉर्कचा रस्ता परवडत नाही तर धुकं सोडलंय आणि त्यात दोन माणसं चालतायत, बस! हिरो अल पश्चिमेला लिफ्ट मागत निघालाय ते पडद्यावर एकाच दिशेने दिसावं म्हणून काही शॉट चक्क उलटे छापलेत, त्यामुळे अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. आपल्याकडे तसंच असल्यामुळे आपल्या ते पटकन लक्षातही येत नाही.

आता अ‍ॅन सॅव्हेज. शूटिंगच्या वेळी ती फक्त चोवीस वर्षांची होती, कोलंबिया स्टुडिओच्या छोट्या सिनेमांत अल झालेल्या टॉम नीलबरोबर आधीही काम केलेलं, म्हणजे हिरो ओळखीचाच. व्हेरा दिवसेंदिवस रस्त्यावर धूळ खात आलेली दिसावी म्हणून तिच्या केसांना कोल्ड क्रीम चोपडलं होतं. लिफ्ट देणारा माणूस वाटेत मेल्यावर त्याचीच गाडी घेऊन निघालेला अल तिला गाडीत घेतो, ती डोळे मिटून पडते, आणि मग एकदम जागी होऊन विचारते की गाडीच्या खऱ्या मालकाचं प्रेत कुठे टाकलंस. त्या क्षणानंतर सिनेमा तिचा होतो. त्या काळातल्या न्वारमधल्या बायका गोड बोलून पुरुषाला फशी पाडतात, ही मात्र पहिल्यापासून ओरडते, हुकूम सोडते, खोकते, दारू पिते, आणि मधेच एका नजरेत तिचा एकटेपणा असा दिसतो की तिचा राग राग करता येत नाही. माझ्या मते त्या दशकातल्या सगळ्यात धाडसी अभिनयांपैकी हा एक आहे.

तिला याचं फळ तेव्हा मिळालं नाही. पन्नाशीच्या दशकात ती सिनेमातून जवळजवळ बाहेर पडली, पुढे वकिलांच्या ऑफिसात नोकरी केली, विमान चालवायला शिकली. टॉम नीलचं तर फारच वाईट झालं, १९६५ मध्ये त्याच्या बायकोचा गोळी लागून मृत्यू झाला आणि त्यात तो सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरून तुरुंगात गेला.

सिनेमा वाचला तो मालक न उरल्यामुळे. कॉपीराइट रिन्यू झाला नाही, मग टीव्हीवाले रात्री-अपरात्री लावायला लागले, कोणीही व्हीएचएस काढून विकायला लागलं, प्रिंट खराब, आवाज फाटका, पण लोकांपर्यंत पोचला. तोवर फ्रेंच समीक्षकांनी उल्मरला उचलून धरलं होतंच, आणि दिग्दर्शक पीटर बोगदानोविचने त्याची मोठी मुलाखतही घेतली होती. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या सरकारी यादीत, ‘डीटूर’ गेला. सॅव्हेजला म्हातारपणी चाहते भेटले, फेस्टिव्हलांना बोलावणी आली, आणि कॅनडाचा दिग्दर्शक गाय मॅडिन याने ‘माय विनिपेग’मध्ये (२००७) तिला आईचा रोल दिला. डिसेंबर २००८ मध्ये ती गेली.

२०१८ मध्ये अ‍ॅकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशनने ‘डीटूर’ रिस्टोअर केला, मुख्यतः बेल्जियमच्या संग्रहातल्या एका जुन्या प्रिंटवरून, तिच्यावर छापलेली सबटायटल्स पुसावी लागली. पहिल्यांदा बघणार असाल तर हीच आवृत्ती शोधा, फुकटात मिळणाऱ्या धूसर कॉप्यांमध्ये व्हेराचे डोळेच दिसत नाहीत.