कर्नलच्या दारातल्या फेऱ्या: लिनक्सचं आयओ-यूरिंग आणि आपला वेब सर्व्हर

चाचणीच्या सर्व्हरवर एखादं वेब ॲप्लिकेशन चालू ठेवावं आणि त्याला एस-ट्रेस हे, प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडे काय काय मागतो ते दाखवणारं, लिनक्सचं हत्यार जोडून टर्मिनलकडे बघत बसावं. (ग्राहक वापरत असलेल्या सर्व्हरवर हे करू नये, प्रोग्रॅम कमालीचा मंदावतो.) ब्राउझरने साधं एक चित्र मागितलं तरी ओळी भराभर सरकू लागतात: आलेलं कनेक्शन स्वीकार, त्यावरचा मजकूर वाचून दे, डिस्कवरची फाइल उघड, तिचा आकार सांग, वाच, नेटवर्कवर पाठव, बंद कर, लॉगमध्ये एक ओळ लिही. डिस्कला किंवा नेटवर्क कार्डाला हात लावायची परवानगी प्रोग्रॅमला नसते. ती फक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला असते. म्हणून प्रत्येक कामासाठी प्रोग्रॅमला कर्नलच्या दारात जावं लागतं. या प्रत्येक फेरीला सिस्टीम कॉल म्हणतात. या फेऱ्या कमी करणाऱ्या आयओ-यूरिंग या लिनक्सच्या सोयीची ही गोष्ट.

एका फेरीचा खर्च नगण्य वाटतो. प्रोसेसरला आपली अवस्था जपून ठेवायची, जास्त अधिकारांच्या पातळीवर जायचं, काम उरकून परत यायचं. हे सगळं एका मायक्रोसेकंदाच्याही आत होतं. पण सेकंदाला हजारो विनंत्या आणि प्रत्येक विनंतीमागे आठ-दहा फेऱ्या, असा गुणाकार केला की आकडा बोलायला लागतो. त्यात जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. मेल्टडाउनपासून बचाव म्हणून लिनक्सने कर्नलची आणि प्रोग्रॅमची मेमरीची कोष्टकं (कोणता पत्ता मेमरीत कुठे आहे ते सांगणारी) वेगळी केली, ती दर फेरीत बदलावी लागू लागली आणि तो दोष असलेल्या प्रोसेसरवर प्रत्येक फेरी महाग झाली. ॲप्लिकेशनच्या कोडमधली एकही ओळ न बदलता अनेकांचे सर्व्हर त्या महिन्यात हळू झाले. वेब डेव्हलपरने कर्नलकडे लक्ष का द्यावं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

फेऱ्या कमी करायची धडपड मात्र त्याच्या बरीच आधीची. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला, की एकाच सर्व्हरने एका वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? तेव्हाचं नेहमीचं साधन होतं सिलेक्ट. त्यात सगळ्या कनेक्शनांची यादी दर वेळी कर्नलला द्यायची आणि कर्नलने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची. शिवाय यादीला १०२४ ची मर्यादा. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने २००० मध्ये केक्यू ही सोय आणून यातून वाट काढली. लिनक्समध्ये २००२ साली ईपोल आलं. यात यादी कर्नल स्वतःकडेच ठेवतो आणि ज्या कनेक्शनांवर काही घडलंय तेवढीच सांगतो. एनजिनएक्स हा सर्व्हर लिनक्सवर मोठा झाला तो ईपोलच्या पायावर. नोड-जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि गो ही भाषा यांचं लिनक्सवरचं नेटवर्किंग आजही त्यावरच चालतं.

ईपोलमध्ये एक मोठी उणीव मात्र राहून गेली. ते फक्त ‘आता वाचता येईल’ एवढंच कळवतं. वाचायला प्रोग्रॅमला पुन्हा फेरी मारावीच लागते. आणि डिस्कवरच्या साध्या फाइलींच्या बाबतीत ते मुळीच उपयोगाचं नाही, कारण कर्नलच्या लेखी फाइल नेहमीच ‘तयार’ असते, मग ती डिस्कवरून यायला कितीही वेळ लागो.

या उणिवेचा फटका नोड-जेएसवर काम करणाऱ्यांना बसतो, पण त्याचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. नोडचा मुख्य धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली कामाची एक स्वतंत्र ओळ) अडकू नये म्हणून फाइलींची कामं लिबयूव्ही ही त्याच्या पोटातली लायब्ररी वेगळ्या धाग्यांकडे सोपवते. हे धागे मुळात असतात चार. पासवर्डचं हॅशिंग (त्याचं उलट न फिरवता येणारं रूप बनवणं) आणि सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणं ही कामंही याच चौघांच्या वाट्याला येतात. आता एखाद्या संथ नेटवर्क डिस्कवरच्या चार मोठ्या फाइली एकदम वाचायला घेतल्या, तर पाचव्या माणसाचं लॉगिन खोळंबतं. सीपीयू रिकामा, मेमरी भरपूर, डेटाबेस निवांत, आणि तरी लॉगिन अडलेलं. अशा वेळी तासन्‌तास क्वेरी तपासण्याआधी धाग्यांची संख्या वाढवून पाहावी. त्यासाठी पर्यावरण-चल (एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) आहे आणि संख्या १०२४ पर्यंत नेता येते.

मे २०१९ मध्ये लिनक्स ५.१ सोबत आयओ-यूरिंग आलं. त्याचे कर्ते येन्स ॲक्सबो हे कर्नलमधली डिस्कची बाजू वर्षानुवर्षं सांभाळणारे. त्यांनी व्यवहाराची रीतच बदलली. प्रोग्रॅम आणि कर्नल दोघांनाही दिसेल अशा मेमरीच्या तुकड्यात दोन गोलाकार रांगा ठेवल्या. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक नोंदवह्यांसारखी ही व्यवस्था आहे: काय हवं ते एका वहीत लिहायचं, काम झाल्याची नोंद दुसरीत वाचायची.

विनंतीची एक नोंद साधारणतः ६४ बाइटची असते. त्यात कोणतं काम, कोणत्या फाइलवर किंवा सॉकेटवर (नेटवर्क कनेक्शनच्या टोकावर), मेमरीत कुठल्या पत्त्यावर, किती लांबीचं, आणि प्रोग्रॅमने स्वतःसाठी घातलेला एक खुणेचा आकडा. उत्तराची नोंद १६ बाइटची: तोच खुणेचा आकडा आणि निकाल. ही खूण लागते, कारण उत्तरं विनंत्यांच्या क्रमानेच येतील याची हमी नाही. नंतर सोपवलेलं छोटं काम आधी संपू शकतं. अशा पन्नास विनंत्या लिहून एकाच सिस्टीम कॉलने कर्नलला हाक मारता येते. एका खास पद्धतीत तर कर्नलचा एक धागाच रांगेवर नजर ठेवून असतो, तेव्हा तो जागा असेपर्यंत हाकही मारावी लागत नाही. आणि फाइल असो वा सॉकेट, रीत एकच.

पुढे भर पडत गेली. २०२२ मध्ये लिनक्सच्या ५.१९ आवृत्तीने अशी सोय दिली की ‘कनेक्शन स्वीकार’ ही विनंती एकदाच नोंदवायची, मग येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाची नोंद आपोआप मिळत राहते. त्याच वर्षीच्या ६.० मध्ये मजकुराची जादा नक्कल न करता नेटवर्कवर पाठवायची सोय आली. जावाच्या जगातल्या नेटी या नेटवर्किंगच्या लायब्ररीने ४.२ आवृत्तीत आयओ-यूरिंगला अधिकृत जागा दिली. तरीही माझं मत सांगतो: ज्या ॲप्लिकेशनचा बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, त्याला यातून थेट फरक जाणवणार नाही. फायदा डिस्कवर भरपूर वाचन करणाऱ्यांचा, म्हणजे खुद्द डेटाबेसचा.

आता काळजीची बाजू, आणि ती मोठी आहे. प्रत्येक सिस्टीम कॉल ही पहाऱ्याचीही जागा असते. कंटेनरमधल्या (एकाच कर्नलवर वेगळ्या बंद खोलीत ठेवल्यासारख्या चालणाऱ्या) प्रोग्रॅमने काय करावं आणि काय करू नये हे ठरवणारी सेककॉम्प ही चाळणी सिस्टीम कॉलच तपासते. रांगेत लिहिलेल्या विनंत्या तिच्या नजरेखालून जातच नाहीत. शिवाय हा कोड नवा, गुंतागुंतीचा आणि भराभर वाढलेला. गुगलने जून २०२३ मध्ये जाहीर केलं की कर्नलमधले दोष दाखवून देणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगमधल्या दोषांवर बेतलेले होते. त्यांनी क्रोमओएसमध्ये आणि स्वतःच्या सर्व्हरांवर ते बंद केलं, अँड्रॉइडमध्ये ॲपांना त्याची वाट अडवली.

नोड-जेएसलाही याचा चटका बसला. २०२३ मध्ये लिबयूव्हीने फाइलींची काही कामं आयओ-यूरिंगकडे वळवली. वापरणाऱ्यांना याची गंधवार्ताही नव्हती, फक्त आवृत्ती बदलली होती. मग असं आढळलं की प्रोग्रॅम रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून सुरू होऊन नंतर अधिकार सोडत असेल, तर आधीच उघडलेली रांग जुन्याच अधिकारांनी काम करत राहते. नोडच्या फेब्रुवारी २०२४ च्या सुरक्षा दुरुस्तीत ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली. मला हा निर्णय योग्य वाटतो. अधिकार सोडल्यावर ते खरोखर सुटले पाहिजेत, त्यापुढे थोडी गती गेली तरी हरकत नाही.

वेब डेव्हलपरच्या हाताशी ही गोष्ट सध्या सर्वांत ठळकपणे येते ती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८ व्या आवृत्तीतून. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत आयओ-मेथड ही नवी सेटिंग आहे. तिचे पर्याय तीन: जुनी सरळ पद्धत, वेगळे वर्कर प्रोसेस (वाचनाचं काम करणारे स्वतंत्र मदतनीस) आणि आयओ-यूरिंग. काही न बदलता वर्कर मिळतात, संख्येने तीन. तूर्त याचा लाभ वाचनाला आहे, म्हणजे मोठ्या टेबलांचं सलग वाचन, व्हॅक्यूम (टेबलांमधली साफसफाई) वगैरे. लेखन पूर्वीसारखंच चालतं. क्लाउडवरच्या डिस्कला प्रत्येक वाचनामागे लागणारा वेळ जास्त असतो, तिथे फरक पडायला वाव अधिक.

आयओ-यूरिंग निवडण्याआधी दोन ठिकाणी पाहावं लागतं. लिनक्स ६.६ पासून कर्नलमध्ये ते बंद करायचा एक सिसकंट्रोल (कर्नलची चालू असताना बदलता येणारी सेटिंग) आहे: ० म्हणजे सर्वांना खुलं, १ म्हणजे विशेषाधिकार किंवा नेमून दिलेला गट असेल त्यांनाच, २ म्हणजे कोणालाच नाही. दुसरं ठिकाण कंटेनरचं. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांची मूळ सेककॉम्प चाळणी आयओ-यूरिंगचे सिस्टीम कॉलच अडवते. तशा कंटेनरमध्ये ही सेटिंग बदलली, की पोस्टग्रेस हळू चालत नाही, सुरूच होत नाही. मग ती चाळणी सैल करायचा मोह होतो. डेटाबेस वेगळ्या मशीनवर असेल आणि त्या मशीनवर परक्याचा कोड चालत नसेल तर ते चालून जाईल. एकाच कर्नलवर अनेक ग्राहकांचे कंटेनर असतील तर मी वर्करच ठेवीन.