सोलापूरच्या मोकळ्या जागा: तळं, ओढा, माळ आणि हद्द

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात आणि सोलापूरभर विखुरलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम, आणि कप्पडकळीच्या विधीनं सांगता. गड्ड्याची ही यात्रा सोलापूरकराला पाठ असते. पण तिच्याकडे नगररचनेच्या अंगानं क्वचितच कोणी पाहतं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात पंचक्रोशीत ही लिंगं स्थापली आणि शिष्यांना हाताशी धरून तळं खोदलं, अशी श्रद्धा आहे. तळं, त्याच्या काठचं मैदान, पंचक्रोशीतली ठरलेली ठिकाणं आणि त्यांना जोडणारी वाट असा हा नकाशा आहे. वाट मोकळी राहते, कारण नंदीध्वजांच्या उंच काठ्या तिथून न्यायच्याच असतात. मैदान मोकळं राहतं, कारण तिथं होम करायचाच असतो. सोलापूरच्या मोकळ्या जागांचं हे पहिलं जाळं. ते कुठल्याही विकास आराखड्यापेक्षा जास्त टिकलं आहे.

शहर आज चहूबाजूंनी वाढतंय. पुणे रस्ता, अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता, विजापूर रस्ता, तुळजापूर रस्ता, कुठेही निघा, दुतर्फा प्लॉटिंगचे फलक दिसतात. अशा वेळी मोकळ्या जागांचं नियोजन करायचं म्हणजे आणखी चार बागा काढायच्या, असा समज आहे. या प्रश्नाचा इतिहास वेगळंच सांगतो. सोलापूरचं मोकळेपण कायम पाण्याच्या आणि गवताच्या वाटेनं राहिलं, आणि शहराची हद्द ती वाट जागोजागी तोडत आली.

सोलापूर कमी पावसाचं आहे. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही एकदम पडून मोकळा होतो. खाली काळा पाषाण. त्यामुळे इथं तळं हीच पहिली सार्वजनिक जागा. भुईकोट किल्ल्याच्या पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, विजापूर रस्त्याला कंबर तलाव, म्हणजे आजचा धर्मवीर संभाजी तलाव, आणि उत्तरेला हिप्परग्याचा एकरुख. एकरुख तलाव इंग्रजांनी आदिला नदीवर बांधला, तो १८७१ साली पुरा झाला. दुष्काळी मुलखात सिंचन हा त्यामागचा हेतू होता, पुढे शहराच्या नळालाही त्याचं पाणी आलं. त्याच्या सांडव्यावरून निघालेलं पाणी आदिलेतून शहराच्या अंगानं वाहत सीनेला मिळतं आणि सीना भीमेला. हिप्परगा ते सीना ही या शहराची खरी पाणवाट आहे. मात्र शहरात शिरली की आदिलेला आपण नाला म्हणू लागतो, आणि नाला म्हटलं की त्यात भराव टाकायला कुणाचा हात अडत नाही.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरण्यांनी गाव भरलं. चाळींमधल्या माणसाला मोकळी हवा मिळायची ती गिरणीच्या आवारात, तळ्याच्या काठी, किल्ल्याभोवतालच्या बागेत नाहीतर पार्क मैदानावर. गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या आवारांचे प्लॉट झाले. शहराच्या मधोमध एवढी मोठी सलग जमीन पुन्हा मिळणार नाही. तिच्यातला ठसठशीत वाटा सार्वजनिक व्हायला हवा होता, असं मला आजही ठामपणे वाटतं.

कायद्याची बाजूही पाहायला हवी, कारण पुढचं बरंचसं तिथून घडलं. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, देशातला अशा प्रकारचा पहिला. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५४ चा कायदा आला आणि मग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. या अधिनियमाच्या नावातच ‘प्रादेशिक’ आधी येतं. त्यात प्रादेशिक योजना, तिच्या खाली शहराची विकास योजना आणि तिच्याही खाली नगररचना परियोजना अशी उतरंड आहे. निसर्गरम्य भाग, वनं, वन्यजीव आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांचं जतन प्रादेशिक योजनेत धरायचं, असं कायदा सांगतो. म्हणजे शहराबाहेरचा ओढा, माळ आणि तळं यांचा एकत्र विचार करायची सोय साठेक वर्षांपासून आहे. आपण राबवली ती मुख्यतः मधली पायरी, म्हणजे शहराची विकास योजना, जिला सगळे डीपी म्हणतात. डीपी हद्दीपाशी संपतो.

डीपीत बाग, क्रीडांगण यांसाठी आरक्षणं पडतात. जमीन खाजगी असते. ती ताब्यात घ्यायला पालिकेकडे पैसा नसतो. दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर जमीनमालक कलम १२७ खाली नोटीस देतो आणि कायद्यानं दिलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण आपोआप उठतं. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर यात अन्याय काही नाही, त्यानं जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण वस्तीतल्या पोरांच्या वाट्याचं मैदान अशा एका नोटिशीनं जातं.

सोलापूरची महापालिका १९६४ मध्ये झाली. तेव्हा हद्द ३३ चौरस किलोमीटरच्या आसपास होती. १९९२ साली बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी भोवतालची गावं आत घेतली गेली आणि क्षेत्र १७८.५७ चौरस किलोमीटर झालं, पाचपटीहून जास्त. ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द सोलापुरात तेव्हापासून रुळला. या गावांना आपापली गायरानं होती, ओढे होते, खळ्याच्या जागा होत्या, गावाबाहेरचे माळ होते. गाव होतं तोवर त्यांचा उपयोग सगळ्यांना ठाऊक होता. हद्दीत आल्यावर त्या निव्वळ ‘रिकाम्या जागा’ झाल्या.

त्यातच गुंठेवारी. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून असूनही शेतजमिनीचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पडत गेले. यंत्रमागावर राबणाऱ्याला, विडी वळणाऱ्या बाईला लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता, गुंठा परवडत होता. त्यांनी घरं बांधली, त्यांना दोष देता येत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं अशा वस्त्या नियमित करण्याचा मार्ग काढला आणि २०२१ मध्ये तो २०२० अखेरपर्यंतच्या गुंठेवारीलाही लागू केला. घरं नियमित झाली, पण जी मोकळी जागा मुळात सोडलीच नव्हती ती कागदावर नियमित कशी होणार?

रीतसर लेआउटमध्ये तरी काय होतं? २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. एकराच्या आत असेल तर ही अट नाही. शेत एका एकराच्या आतल्या तुकड्यांनी विकत गेलं की दहा टक्के कुठेच सोडावे लागत नाहीत. सोडले, तरी बहुतेक वेळा ओढ्याकडेचा उताराचा कोपरा किंवा विकायला अडचणीचा तिरका तुकडा या कामी येतो. नंतर तिथं कुंपण, मग पत्र्याचं शेड, मग एखादं समाजमंदिर, ओपन जिमचे दोन-चार रंगीत लोखंडी सांगाडे. शेजारच्या लेआउटची खुली जागा भिंतीपलीकडे असते. दोन्ही एकाच ओढ्याला लागून असल्या, तरी माणसाला एकीतून दुसरीत जाता येत नाही.

केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. तिला माणशी दहा चौरस मीटर धरले तरी साडेनऊ चौरस किलोमीटर होतात, हद्दीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. आकडा अवाक्याबाहेरचा नाही. नुसत्या ओढ्यांच्या कडा आणि तळ्यांचे काठ राखले असते, तरी त्यातला मोठा भाग साधला असता.

ओढ्यांना धरून असं जाळं विणायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत बॉस्टनला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७८ नंतर दलदल, ओढा आणि तळी सांधत उद्यानांची साखळी उभी केली. तिथंही अडचण हद्दीचीच आली, कारण नदी एका नगरपालिकेतून दुसरीत जायची. म्हणून चार्ल्स एलियट यांच्या पुढाकारानं १८९३ मध्ये बॉस्टन आणि भोवतालच्या गावांसाठी मिळून एक उद्यान आयोग नेमला गेला. त्यानं नदीकाठ, टेकड्या आणि समुद्रकिनारा शहर पोचायच्या आधी विकत घेतला. लंडनचा हरितपट्ट्याचा कायदा १९३८ चा. आपल्याला यातलं काही जसंच्या तसं उचलायचं नाही, तिथला पाऊस वेगळा, जमीनधारणा वेगळी. पण शहर पोचायच्या आधी जागा राखायची आणि ती एकट्या पालिकेवर सोडायची नाही, या दोन गोष्टी इथंही लागू पडतात.

सोलापूर हद्दीबाहेर किती वेगानं जातंय याचा दाखला कुंभारीला आहे. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं २००६ मध्ये तिथं उभी राहिली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. श्रमिकांनी लढून मिळवलेली ही घरं आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. मात्र ही वस्ती महापालिका हद्दीबाहेर आहे. एका तालुक्याच्या गावाला पुरून उरेल एवढी लोकसंख्या, आणि शहराच्या डीपीत ती नाही. या घरांपासून चालत जाता येईल असा ओढ्याचा काठ किंवा माळ पुढच्या वीस वर्षांसाठी कुणी राखायचा, हे ठरवणारं एकच एक कार्यालय नाही.

माळाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथं आपली नजरच चुकते. शहराच्या उत्तरेला नान्नज आहे. दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथल्या माळाचे काही तुकडे कुंपण घालून राखले गेले, गवत वाढलं आणि त्यात माळढोक पक्षी दिसू लागला. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली, अख्खे तालुके आले आणि जमिनीच्या साध्या व्यवहारालाही परवानगी लागू लागली. लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आलं. माळढोक मात्र आता सोलापूरच्या माळावर जवळजवळ दिसेनासाच झाला आहे.

यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. नकाशावर भलामोठा गोल काढून लोकांवर लादला की जागाही राखली जात नाही आणि माणसंही दुरावतात. दुसरं म्हणजे माळ ही उजाड जमीन नाही. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांचं घर गवतात आहे, मेंढपाळांची चराई तिथंच आहे, आणि पहिला पाऊस मुरतो तोही गवतातच. वृक्षारोपणाच्या भरात माळावर गिरिपुष्प लावला की आकडे भरतात, गवत जातं. सोलापूरच्या मोकळ्या जागांच्या जाळ्यात माळ माळ म्हणूनच राहायला हवा.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव जानेवारी २०१६ मध्ये आलं. होम मैदान, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, पार्क स्टेडियम यांवर खर्च झाला. जागा सुधारल्या हे खरं, पण त्या सगळ्या जुन्या शहराच्या मध्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा नदीकाठची गावं कित्येक दिवस पाण्यात होती. नदीला पसरायला जागा ठेवणं हेही मोकळ्या जागेच्या नियोजनातलंच काम आहे, आणि ते पूररेषेच्या फाइलीत वेगळं पडून राहतं.

सुरुवात कुठून करायची, याला गायरान हे माझं उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांचे गावनकाशे, सातबारे आणि गायरानांची नोंद सरकारदरबारी आहे. हिप्परग्यापासून सीनेपर्यंत आदिलेच्या दोन्ही अंगांच्या गावांचे नकाशे कडेला कडा लावून एका टेबलावर मांडले, तर कुठलं गायरान ओढ्याला लागून आहे, कुठला पाझर तलाव वाटेत येतो, कुठं लेआउटची दहा टक्के जागा ओढ्याकडे वळवता येईल, हे दिसेल. या कामाला भूसंपादनाचा पैसा लागत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, जलसंपदा आणि वन विभाग यांना एकत्र बसावं मात्र लागेल, आणि तेही त्या काठची उरलेली शेतं एनए, म्हणजे बिगरशेती, व्हायच्या आत.