व्याध, पारा आणि जोडतारे : एका शब्दाची पार्श्वभूमी

जानेवारीत मध्यरात्रीच्या सुमारास फुटाळ्याच्या काठावरून दक्षिणेकडे पाहिलं, तर नागपूरच्या उजेडातही व्याध लखलखताना दिसतो. हा तारा 'रासायनिकदृष्ट्या विचित्र' वर्गातला आहे आणि जोडताराही आहे, म्हणजे तो आणि त्याचा साथीदार एकमेकांभोवती फिरतात.

'विचित्र' या शब्दाने फार घोटाळा केला आहे. वर्णपटात, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, कॅल्शियमच्या रेषा क्षीण आणि लोहासारख्या धातूंच्या ठळक, असे 'धातुरेषांचे तारे' १९४०मध्ये वेगळे काढले गेले. पारा-मँगनीज जास्त दाखवणारे आणि तीव्र चुंबकीय क्षेत्राचे तारेही 'विचित्र' याच नावाखाली येतात. काहींच्या वर्णपटात पारा सूर्याच्या लाखपट भरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अख्खा ताराच पाऱ्याने भरलाय. तसं मुळीच नाही. वर्णपट दाखवतो ती फक्त वरची साय. माझ्या मते मराठीत 'विचित्र पृष्ठाचे तारे' म्हणायला हवं.

१९६१च्या पाहणीत धातुरेषांचे बहुतेक तारे जोडतारेच निघाले. मग साथीदाराकडून द्रव्य आलं असावं, असा तर्क पुढे आला. १९७०मध्ये वेगळं स्पष्टीकरण मिळालं: बाहेरचा थर शांत असेल तर प्रकाश शोषणारे जड अणू प्रारणाच्या दाबाने वर ढकलले जातात, बाकीचे खाली बसतात. शांततेसाठी तारा सावकाश फिरायला हवा आणि जवळचा साथीदार भरतीच्या ओढीने त्याचं फिरणं मंदावतो. बाहेरून द्रव्य आणण्याची गरजच उरत नाही. द्रव्याचा तर्क खरा ठरला तो बेरियम ताऱ्यांत, म्हणजे ज्यांच्या वर्णपटात बेरियम ठळक असतं त्यांत. हे राक्षसी (उतारवयात फुगलेले) तारे जोडतारे असल्याचं १९८०मध्ये दिसलं. श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) होण्याआधी साथीदाराने आपलं द्रव्य त्यांच्यावर ओतलं होतं. चुंबकीय तारे मात्र जवळच्या जोड्यांत क्वचितच सापडतात.

सारथी समूहातल्या एआर ऑरिगी या जोडीतले तारे ४.१३ दिवसांत एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकतात, त्यामुळे त्यांची वस्तुमानं आणि त्रिज्या नेमक्या मोजता येतात. एकाच ढगातून जन्मलेले, वयाने आणि वस्तुमानाने जवळजवळ सारखे, तरी पारा-मँगनीजची ठळक खूण एकावरच. जन्मावेळचं मिश्रण यामागे नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. देवयानी समूहातल्या अल्फा तारकेवर तर पाऱ्याचे डाग दिसले, आणि काही वर्षांत ते बदललेही.

व्याधाचं कोडं निराळं. त्याचा साथीदार श्वेत बटू ५० वर्षांत एक फेरी मारतो; एवढ्या अंतरावरून भरतीची ओढ नगण्य, तरी व्याध सावकाश फिरताना दिसतो. बटू पूर्वी राक्षसी तारा होता, तेव्हा त्याचं थोडं द्रव्य व्याधावर पडलं का, यावर अजून वाद आहे.