सिम्युलेटेड पेशंट आणि स्टँडर्डाइज्ड पेशंट: सोंग तेच, काम वेगळं

मानसोपचाराच्या पोस्टिंगला आलेली मेडिकलची मुलं ‘सिम्युलेटेड पेशंट’ आणि ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. दोन्हीकडे धडधाकट माणूस पेशंट होऊन बसतो, त्यामुळे गल्लत होणारच. इथे नाशिकमध्ये हौशी रंगकर्मी भरपूर आहेत. त्यांच्यातला एकच जण दोन्ही कामं करू शकतो.

समजा, भूमिका निफाडच्या द्राक्षबागायतदाराची आहे. अवकाळीनं बाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलं, तक्रार मात्र एवढीच, "डोकं दुखतं, झोप लागत नाही." सिम्युलेटेड पेशंट सरावासाठी असतो; त्याला हा माणूस आतून ठाऊक असतो, संवाद पाठ नसतात. विद्यार्थिनीनं घाईघाईत "मूड कसाय?" विचारलं की तो "बराय" म्हणतो आणि टोपी गुडघ्यावर फिरवत बसतो. तिनं वही मिटून "काका, बागेचं काय झालं?" विचारलं आणि मग गप्प राहिली, तर तो हळूहळू बोलू लागतो. "आता जगून काय करायचं?" हे त्याच्या तोंडून तेव्हा बाहेर पडतं. नंतर भूमिका सोडून तो तिला सांगतो, "तुम्ही घड्याळाकडे बघितलं, तिथं माझं बोलणं आटलं." असं वॉर्डातला पेशंट कधी सांगत नाही.

आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार पेशंटच्या डोक्यात शिरेल, ही भीती मुलांच्या मनात घट्ट असते. ती चुकीची आहे, विचारायलाच हवं. पण जीभ अडखळते. सिम्युलेटेड पेशंटसमोर तोच प्रश्न तीनदा विचारून बघता येतो. खचलेल्या खऱ्या माणसावर असा सराव करणं मला मुळीच पटत नाही.

स्टँडर्डाइज्ड पेशंट परीक्षेचा. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडलेल्या ओस्की पद्धतीत, म्हणजे टप्प्याटप्प्यानं सगळ्यांची सारखीच प्रात्यक्षिक परीक्षा घेण्याच्या पद्धतीत, तो शोभतो. पहाटे ३ वाजता जाग येते, हे झोपेविषयी विचारल्यावरच सांगायचं, असं ठरलं की पहिल्या आणि चाळिसाव्या विद्यार्थ्यालाही तसंच. कुणाचा दयाळू चेहरा बघून एक वाक्य जास्त दिलं, तर बाकीच्यांवर अन्याय. धडधाकट माणसाला पेशंट म्हणून बसवण्याची मूळ कल्पना मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांची, १९६३ ची, कॅलिफोर्नियातली.

नैराश्य, चिंता, दारूचं व्यसन असं बरंच काही दोघांनाही साधतं. मॅनियातली (अतिउत्साहाच्या आजारातली) विचारांची धावपळ किंवा स्किझोफ्रेनियातला भावशून्य चेहरा मात्र कसलेल्या नटालाही फार वेळ टिकवणं अवघड. त्यासाठी वॉर्डातच जावं लागतं, पेशंटची परवानगी घेऊन.