खुलासा : सह्याद्री चक्रीवादळ अडवतो?

“वादळ कोकणात आहे, मध्ये सह्याद्री आहे, नाशिकला काही होत नाही.” अरबी समुद्रात वादळ उठलं की हे हमखास ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्या रोपाला सुपारी धरायला वर्षं लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामात भरून येणारं नव्हतंच. तेच वादळ पुढे ईशान्येला सरकलं आणि नाशिक जिल्ह्यालाही पावसाने झोडपलं.

वादळाला बळ मिळतं ते गरम समुद्राच्या वाफेतून. जमिनीवर ही रसद तुटते, वारा मंदावतो. सोबत आणलेलं बाष्प मात्र लगेच संपत नाही. डोंगर चढताना हवा थंड होते आणि पाऊस उलट वाढतो.

अशी वादळं येतात नेमका तेव्हा आपला उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, असतो. हवा खेळती राहावी म्हणून चाळीच्या बाजूंना फटी ठेवतात. त्यातून तिरपी सर शिरली की आधी कडेचा कांदा सडतो, मग ढिगातला. इशारा मिळताच वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री आवळून बांधा. पाऊस उघडला की लगेच सोडा, कोंडलेल्या दमट हवेनेही कांदा जातो.