भोवत्यांची संख्या उंदीर ठरवतात

ब्रिटनमध्ये १२ ऑगस्टला रेड ग्राउझ या तितरासारख्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि शिकारवाले व पक्षीप्रेमी यांचं जुनं भांडणही उकरून निघतं. हेन हॅरियर हा शिकारी पक्षी, म्हणजे आपल्या माळरानांवर हिवाळ्यात येणाऱ्या मॉन्टेग्यूच्या भोवत्याचा भाऊबंद (इथे त्यालाच भोवत्या म्हणू), ग्राउझ खातो का? खातो. पण ग्राउझ मुबलक म्हणून भोवत्या वाढतो, हा समज चुकीचा आहे.

दक्षिण स्कॉटलंडमधल्या लँगहोमच्या माळावर १९९२ ते १९९७ या काळात भोवत्यांना मारणं थांबवून मोजणी झाली. घरटी करणाऱ्या माद्या २ वरून २० झाल्या. त्यांनी ग्राउझची सुमारे ३७ टक्के पिल्लं उचलली आणि शरद ऋतूतले ग्राउझ निम्म्यावर आले. हाकारे घालून करायच्या शिकारीला चौरस किलोमीटरमागे साधारण ६० पक्षी लागतात. तेवढे उरलेच नाहीत, शिकार बंद पडली.

मग माद्या वाढल्या कशावर? वसंतात मादी जागा निवडते तेव्हा ग्राउझची पिल्लं जन्मलेलीही नसतात आणि मोठा ग्राउझ तिच्यापेक्षा वजनदार असतो. ती बघते व्होल, म्हणजे आखूड शेपटीचे गवती उंदीर, आणि तिरचिमण्या. हे दोन्ही गवतात वाढतात. लँगहोमला मेंढ्यांच्या चराईमुळे १९४८ ते १९८८ दरम्यान हीदर या बुटक्या झुडपाचं जवळजवळ निम्मं रान जाऊन गवत माजलं होतं. म्हणजे चराईने गवत वाढवलं, गवताने उंदीर, उंदरांनी भोवत्या, आणि किंमत मोजली ग्राउझने.

पुढची गंमत आलेखात आहे. ग्राउझच्या पिल्लांची घनता आडव्या अक्षावर आणि भोवत्याच्या एका घरट्यात खाद्य म्हणून पोचणारी ग्राउझ-पिल्लं उभ्या अक्षावर मांडली, तर रेषा इंग्रजी 'एस'सारखी वळते. पिल्लं विरळ असताना भोवत्या तिकडे फारसा वळत नाही. मध्यम घनतेला झपाट्याने वळतो. फार दाट झाली की त्याची भूक भागते. त्यामुळे टक्केवारीने सर्वाधिक फटका मधल्या घनतेला बसतो. भोवत्यांची संख्या उंदरांवर टिकून असते, म्हणून ग्राउझ घटले तरी ती घटत नाही. 'निसर्ग आपोआप समतोल साधतो' हे वाक्य भाषणात छान वाटतं, पण हा समतोल माणसाला हव्या त्या आकड्यावर येईल अशी हमी कोणी दिलेली नाही.

उपाय करून पाहिला तोही मजेशीर. १९९८ आणि १९९९ मध्ये भोवत्यांच्या घरट्यांजवळ खांब रोवून त्यांवर हॅचरीतली मेलेली कोंबडीची पिल्लं आणि पांढरे उंदीर ठेवले. अशा घरट्यांवर १०० तासांत सरासरी ०.५ ग्राउझ-पिल्लं आली, खाद्य न दिलेल्या घरट्यांवर ३.७. तरीही ग्राउझ सावरले नाहीत, कारण उरलेली पिल्लं इतर कारणांनी मरत राहिली.

शिकार बंद, म्हणून कोल्हे-कावळे मारून ग्राउझ सांभाळणारे राखणदारही काढले. भोवत्या जमिनीवर घरटं करतो. राखणदार गेल्यावर कोल्हे आणि कावळे वाढले, आणि ग्राउझपाठोपाठ भोवत्यांचीही घरटी घटली.